बुडालेल्या डॉक्टरचे सहा बुधवार

बायकोसाठी माणसं काय काय करतात. कुणी शालू आणतं, कुणी काशीयात्रा घडवतं. मी दर बुधवारी संध्याकाळी सामंत वकिलांच्या पडवीत चौदा बायकांमध्ये बसून रेडिओ ऐकायचं कबूल केलं. निर्णय एवढाच होता. पण त्यापायी मला पुढे एका बुडून मेलेल्या माणसाला सहा आठवडे जिवंत ठेवावं लागलं. ते काम माझ्या योग्यतेबाहेरचं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

एकसष्ट सालची गोष्ट. मी, प्रल्हाद राऊत, डहाणूला मामलेदार कचेरीत रेकॉर्ड कारकून होतो. (कचेरीत मला नावानं कुणी हाक मारत नसे. ‘रेकॉर्ड’ म्हणत. ‘रेकॉर्ड, चहा घेणार का?’ असं.) पारनाक्याजवळ आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात मी आणि वसुमती.

त्या भाद्रपदात आम्हाला मुलगा झाला आणि दोन दिवसांनी गेला. लग्नाला सात वर्षं झाली होती, त्यामुळे त्या दोन दिवसांत आम्ही त्याचं नावसुद्धा काढून ठेवलं होतं. तिनं एक, मी एक. त्यावरून जरा वादही झाला होता. मग वाद घालायचं कारण उरलं नाही. वसुमतीला ताप भरला. ताप आठ दिवसांनी उतरला, पण ती काही उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रडली नाही, चिडली नाही, जेवलीही नाही.

मी कचेरीतून आलो की तिच्या उशाशी बसून बोलायचो. बोलणार काय? मला कचेरीपलीकडचं काही येत नाही. एकदा तर मी तिला अर्धा तास दप्तराला लागलेल्या वाळवीची हकीगत सांगितली. (दुःखात माणसाला काय सुचेल याचा नेम नसतो. मला वाळवी सुचली.) आमचे पारशी डॉक्टर म्हातारे होते. ते नाडी बघायचे आणि जाताना ओट्यावर मला हळूच सांगायचे, “राऊत, बाईला बोलती कर. माझ्या बाटलीत हेच्यावर काय नाय.”

बोलती करायला शेजारणी आल्या होत्या. शेजारच्या प्रभाताई कन्याशाळेत मास्तरीण, त्या आल्या. मल्याणच्या मनोरमाबाई, म्हणजे सामंत वकिलांच्या पत्नी, त्याही आल्या. पण मनोरमाबाई दारातच रडू लागायच्या, आणि मग वसुमतीलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागायचं. तिसऱ्या खेपेनंतर वसुमती म्हणाली, कुणी नको. मी कुणालाही येऊ देईनासा झालो.

बाविसाव्या दिवशी मी पेज घेऊन बसलो होतो. भिंतीकडूनच आवाज आला.

“आज बुधवार ना?”

मी हो म्हटलं.

“निशिकांतचं काय झालं असेल?”

बायकोनं तीन आठवड्यांनी आपणहून तोंड उघडावं आणि परक्या पुरुषाचं नाव घ्यावं, हे कुठल्याही नवऱ्याला लागलं असतं. मला लागलं नाही, कारण निशिकांत कोण हे डहाणूतल्या सगळ्या नवऱ्यांना माहीत होतं. ‘वळणावरचा दवाखाना’ नावाची श्रुतिका श्रावणापासून दर बुधवारी साडेसातला रेडिओवर लागायची. घाटातला एक दवाखाना, तिथला तरुण डॉक्टर निशिकांत, त्याची नर्स शालिनी, आणि दवाखाना बंद पाडायला टपलेला एक जंगल ठेकेदार. निशिकांतचा आवाज भारदस्त होता. तो नुसतं “कंदील जरा इकडे धरा” म्हणाला तरी सामंतांच्या पडवीत पानाचा डबा फिरायचा थांबे. वसुमतीनं बाळंतपणाआधी चार भाग ऐकले होते, नववा महिना लागला तरी चालत जाऊन.

आमच्या घरात वीज नव्हती, म्हणून रेडिओ नव्हता. सामंतांचा रेडिओ उचलून आणणं शक्य नव्हतं, कारण वकीलसाहेब त्यावरचा विणलेला रुमालसुद्धा कुणाला हलवू देत नसत. मी म्हटलं, “मी ऐकून येतो आणि तुला सांगतो.”

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बघण्यात विश्वास नव्हता, पण बघितलं तर खरं.

त्या पडवीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायका गप्प झाल्या. मनोरमाबाईंनी मला एकट्याला खुर्ची दिली. सगळ्या सतरंजीवर आणि मी खुर्चीवर, म्हणजे मी एखाद्या चौकशीला आलोय असंच वाटत होतं. पण श्रुतिका सुरू झाली आणि मी तिथे आहे हे त्या विसरल्या. संपल्यावर चर्चा सुरू झाली. तशी गंभीर चर्चा मी आमच्या कचेरीत कधी ऐकली नाही. विषय होता, निशिकांतला मिशी आहे की नाही. प्रभाताईंचं मत, नाही. मनोरमाबाईंचं मत, आहे पण बारीक. हिराबाई म्हणून एक गुजराती बाई यायच्या, त्यांच्या यजमानांचा घोलवडला चिकूचा व्यापार. त्या म्हणाल्या, “अहो, मिशी तर असेलच ने. मिशीशिवाय डॉक्टरचा भरोसा कोण करेल?” मग तो उंच किती, चष्मा लावतो का, आणि शालिनीला त्याचं मन कळत कसं नाही. एकजणीनं मला विचारलं, भाऊ, तुम्हाला काय वाटतं? मला वाटत होतं की मला घाम आलाय. मी तसं सांगितलं नाही. उंच असावा, म्हणालो.

मी वहीत टिपणं घेतली होती. घरी येऊन वाचून दाखवली. “दवाखान्यात रुग्ण तीन. पैकी एक खोकल्याचा. ठेकेदारानं धमकी दिली. डॉक्टरांनी ती फेटाळली. नर्स रडली.”

वसुमती म्हणाली, “असं नाही. तो कसा म्हणाला ते सांगा.”

आता माझा आवाज नाकातून येतो. शिवाय बोलण्याआधी मला खाकरायची सवय आहे. त्या आवाजात मी ठेकेदाराला म्हणालो, “रावसाहेब, माझा देह इथून हलेल, पण हा दवाखाना हलणार नाही.” वसुमतीच्या तोंडातून एक बारीकसा आवाज आला. मी घाबरून कंदील जवळ आणला. ती हसली होती. त्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली.

त्यानंतर मी टिपणं बंद केली आणि आवाज पाठ करू लागलो. कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत दार लोटून निशिकांतचे आवाज काढायचो. (एकदा साहेबांनी दार उघडलं तेव्हा मी एका कपाटाला ‘शालिनी, घाबरू नकोस’ म्हणत होतो. साहेबांनी मला दोन दिवसांची रजा देऊ केली.) दर बुधवारी वसुमती थोडी थोडी उठून बसू लागली. गुरुवारी ती कालच्या भागाबद्दल बोलायची, शुक्रवारी पुढच्या. दिवाळी आली. आकाशकंदील लावला नाही, फराळ केला नाही. पण पाडव्याला ती आपणहून चुलीपुढे बसली आणि दोघांपुरता भात केला. डॉक्टर म्हणाले, आता धक्का लागू देऊ नको म्हणजे झालं.

आणि तेराव्या भागात निशिकांत मेला.

आमच्याकडे भातं कापून खळ्यावर आली होती, आणि रेडिओत धो धो पाऊस पडत होता. नदीपलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली होती. होडीवाला नाही म्हणाला. निशिकांतनं औषधाची पेटी डोक्याला बांधली आणि पाण्यात उतरला. शालिनीनं तीन हाका मारल्या. मग नुसताच पाण्याचा आवाज, बराच वेळ. मग निवेदकानं सांगितलं की पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुइणीनं बाईला सोडवलं, आई आणि मूल दोन्ही सुखरूप आहेत, आणि पेटी दुसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडली.

मनोरमाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि त्या दिवशी वकीलसाहेबांना जेवायला सकाळचीच भाकरी मिळाली. प्रभाताई एवढंच म्हणाल्या, “तेराव्या भागात मारला मेल्यांनी.”

मी मल्याणहून पारनाक्यापर्यंत चालत आलो. वीस मिनिटांची वाट, मी पाऊण तास लावला. घरात एक मरण होऊन गेलं होतं. त्यावर दुसरं, आणि तेही बाळंतिणीच्या वाटेवरचं, मी माझ्या नाकातल्या आवाजात सांगणार होतो. दारात आलो तर वसुमती उशी पाठीला लावून तयारच बसली होती. केस विंचरलेले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मी सुरुवात केली. पाऊस पाडला, पूर आणला, होडीवाल्याला नाही म्हणायला लावलं, पेटी डोक्याला बांधली. निशिकांत पाण्यात उतरला तेव्हा वसुमतीनं माझं मनगट धरलं. मग मी त्याला पोहायला लावलं. तो पोहला, राव, असा पोहला की काय सांगू. मला स्वतःला पोहता येत नाही, त्यामुळे त्यानं हातपाय जरा जास्तच मारले. पण पोचला. बाईला सोडवलं. मुलगा झाला. मी मुलाला रडवलंसुद्धा.

वसुमतीनं मनगट सोडलं आणि म्हणाली, “बरं झालं.” आणि झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी मी सामंतांकडे जाऊन हात जोडले. वसुमतीला कुणी काही सांगू नका, डॉक्टरांची ताकीद आहे. प्रभाताईंनाही सांगितलं. त्यांनी कबूल केलं. मनोरमाबाई मात्र घुटमळल्या. मग हळूच विचारलं, “तुमच्याकडे तो पोचला का, भाऊ?”

“पोचला.”

“अंग पुसायला काही दिलं का त्याला तिथे?”

मी म्हटलं, दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या बुधवारी रेडिओत नवा डॉक्टर आला. आवाज बरा होता, पण पडवीनं त्याला थारा दिला नाही. दहा मिनिटांतच मनोरमाबाईंनी रेडिओचा कान पिरगाळून आवाज बारीक केला आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. निशिकांतचं पुढे काय? मला काय माहीत? मी तर दिवसभर त्याचा विचारही केला नव्हता. सकाळी साहेबांबरोबर जीपनं तलासरीला गेलो होतो, तिथून साहेबांना गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्यावर काम निघालं, आणि दप्तराची दोन गाठोडी मांडीवर घेऊन मी तीन तास ट्रकांच्या रांगेकडेला बसून आलो होतो. अंगावर अजून ती धूळ होती. मी खाकरलो आणि म्हणालो, निशिकांत अच्छाडला गेला.

घाटातला डॉक्टर अच्छाडला कशाला गेला, हे कुणी विचारलं नाही. माणूस जिवंत आहे एवढ्यावर त्या खूश होत्या. घरी येऊन मी तेच वसुमतीला सांगितलं. निशिकांत औषधं आणायला निघाला, नाक्यावर त्याला अडवलं, दारूबंदीच्या शिपायानं टिंक्चरची बाटली हुंगून बघितली, आणि डॉक्टर तीन तास बाकावर बसून राहिला.

“मग?” वसुमती म्हणाली.

“मग सोडलं.”

“आणि शालिनी?”

शालिनीला मी साफ विसरलो होतो. म्हटलं, ती रजेवर आहे.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मला कल्पना करता येत नाही. सोळा वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला जे घडतं ते नोंदवता येतं. तिसऱ्या बुधवारी मी असं बसवलं की दवाखान्याची जमीन कुणाच्या नावावर आहे हेच कळत नाही, आणि ठेकेदाराला हरवायचं तर डॉक्टरला सात-बाराचा उतारा काढावा लागेल. ही मला मोठी नामी युक्ती वाटली. निशिकांतनं अर्ज केला. अर्जाला तिकीट लावलं नव्हतं, म्हणून तो परत आला. तिथे मी भाग संपवला, उत्कंठा राहावी म्हणून. चौथ्या बुधवारी तलाठी फिरतीवर होता. निशिकांतनं स्मरणपत्र दिलं.

पडवीतल्या बायका मला दर वेळी सूचना द्यायच्या. हिराबाई म्हणायच्या, आता लगन लावून टाका. प्रभाताईंचा लग्नाला कडक विरोध. बाई म्हणजे लग्नासाठीच असते का, असं त्या मलाच विचारायच्या. मनोरमाबाईंना त्याच्या खोकल्याची काळजी होती, पाण्यात भिजला होता ना. मी सगळ्यांचं मन राखायला गेलो. पाचव्या बुधवारी शालिनी निशिकांतला भेटायला आली, तो खोकला, आणि तिनं मनातलं सांगताच म्हणाला, “आपल्या विनंतीचा यथावकाश विचार करण्यात येईल.”

वसुमती मोठ्यानं म्हणाली, “असं म्हणाला?”

“हो. शिकलेला आहे ना.”

“आधीही शिकलेलाच होता.”

ती चिडायला लागली होती, आणि चिडली की हिंडायची. स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून विहिरीपर्यंत. भांडी आपटायची. त्या डॉक्टरला झालंय काय, माणसं मरतायत तिकडे आणि हा रांगेत उभा राहतोय, असं भाजी चिरताना बोलायची. भाजी मात्र चिरायची. आमचे डॉक्टर नाडी बघून म्हणाले, फस्क्लास. मला वाटलं, आपल्याला कला साधली. (लेखकांना चढते म्हणतात ती हीच असावी. मी त्या आठवड्यात केस मागे वळवायला सुरुवात केली होती.)

सहाव्या बुधवारी मी मोठ्या खुशीत घरी आलो. त्या दिवशी निशिकांतला उतारा मिळणार होता. तलाठी परतणार, शिक्का बसणार, ठेकेदाराचं तोंड काळं होणार. संपूर्ण भाग मी दुपारी कचेरीत लिहून काढला होता. वसुमती ओट्यावर बसली होती, शेजारी कंदील. मी म्हटलं, आज ऐकण्यासारखं आहे. ती म्हणाली, सांगा.

मी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी शिक्का मारल्याचा आवाज मांडीवर थाप मारून काढला. मग तिनं पदराखालून एक लिफाफा काढून माझ्यापुढे धरला.

तिनं रेडिओ केंद्राला पत्र टाकलं होतं. आमच्याकडे पाणी भरायला सरावलीची नवशी यायची, तिच्या हाती तिनं ते स्टेशनच्या पेटीत टाकायला दिलं होतं. लिहिलं होतं की पुरानंतर तुमचा लेखक बदललेला दिसतो. निशिकांत हल्ली एखाद्या कारकुनासारखा बोलतो, तेव्हा पहिल्या लेखकाला परत बोलवावं. आज दुपारी त्याचं उत्तर आलं होतं. टाइप केलेलं, खाली सही. मी कंदिलाशी धरून वाचलं.

‘आपले पत्र पोचले. आपण कळविलेला मजकूर आमच्या कोणत्याही भागात आढळून येत नाही. डॉ. निशिकांत या पात्राचा तेराव्या भागात पुरात अंत झाला आहे. आपण कोणते केंद्र ऐकता हे कृपया कळवावे.’

मसुदा चांगला होता. कमी नाही, जास्त नाही. मला तेवढंच सुचत होतं.

“बुडाला?” वसुमतीनं विचारलं.

“हो.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“आणि ती पाड्यावरची बाई?”

“ती वाचली. मूलही वाचलं. तिथल्या सुइणीनं केलं सगळं. हा पोचलाच नाही.”

ती कंदिलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आपल्याकडे डॉक्टर वेळेवर आला होता.”

आणि ती रडली. भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत जे तिनं दाबून ठेवलं होतं ते सगळं तिथे ओट्यावर बाहेर आलं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली आणि पुढे गेली. प्रभाताईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच लावून घेतलं. मी काय करावं ते मला कळेना. धक्का लागू देऊ नको म्हणून बजावलेलं, आणि मी सहा आठवडे खपून तो धक्का टाइप करून मागवला होता. मी कंदिलाची वात खाली केली. एवढंच जमलं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “त्याला कुठे ठेवलंत?”

निशिकांतबद्दल विचारत नव्हती ती.

मी सांगितलं. खाडीच्या अलीकडे, सुरूची झाडं संपतात तिथे. नवशीचा नवरा लाहू बरोबर होता, त्यानं खणलं. वाळू ओली होती, सारखी ढासळत होती, म्हणून लाहूनं कडेनं झावळ्या लावल्या. तू शिवलेलं पिवळं झबलं घातलं होतं. मोठं होत होतं त्याला, बाह्या दुमडल्या. वर एक दगड ठेवलाय. हे सगळं मी माझ्याच आवाजात, अडखळत, मागचं पुढे करून सांगितलं. सांगता सांगता मलाही पुढचं बोलवेना.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस.”

“मला विचारवत नव्हतं.”

“मला सांगवत नव्हतं.”

त्या आठवड्यात रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच विहिरीपलीकडे जात होती, त्यामुळे हळू चाललो. दगड मला पटकन सापडेना. (रेकॉर्ड कारकुनाला स्वतःच्या मुलाची जागा सापडेना, हे मी कचेरीत कुणाला सांगितलेलं नाही.) दोन सुरूंच्या मध्ये तो मिळाला. वसुमती वाळूत बसली. तिनं ते नाव घेतलं, तिनं ठरवलेलं. मी माझं घेतलं नाही. तिचंच चांगलं होतं.

परतताना अर्ध्या वाटेत ती म्हणाली, “ते सात-बाराचं सगळं तुम्हीच केलंत?”

“हो.”

“तलाठी फिरतीवर गेला तेही?”

“तेही.”

ती थोडी चालली. “त्यापेक्षा बुडाला ते बरं झालं.” असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. रडत असावी म्हणून मी काळजीनं वाकून बघितलं. रडत नव्हती.

त्यानंतर वसुमती बुधवारी स्वतः सामंतांकडे जाऊ लागली. मीही येतो म्हटलं तर म्हणाली, नको, पुरुषमाणूस बसला की नव्या डॉक्टरविषयी मोकळेपणानं बोलता येत नाही. नवा डॉक्टर आता पडवीला आवडू लागला होता. निशिकांतचं कुणी नाव काढेना. माझंही नाही. मला वाटलं होतं एखादी तरी विचारील, भाऊ, पुढे काय झालं? हिराबाई बाजारात भेटल्या, त्यांनी वसुमतीची तब्येत विचारली आणि चिकू दिले.

म्हणून बुधवारी मी पिठलं करून ठेवतो आणि ओट्यावर बसून तिची वाट बघतो. ती आली की मी विचारतो आणि ती सांगते. फार सुरेख सांगते. नवा डॉक्टर, शालिनी, ठेकेदार, म्हातारी सुईण, सगळ्यांचे आवाज हुबेहूब. मध्यंतरी एका बुधवारी ती अशीच रंगात आली असताना मध्येच एक नवाच आवाज काढला. नाकातला, रडका, दर वाक्याआधी खाकरणारा. पिठल्याचा घास हातात धरून मी हसलो. इतकं बावळट पात्र मी त्या श्रुतिकेत ऐकलं नव्हतं.

“हा कोण?” मी विचारलं.

“कुणी नाही,” वसुमती म्हणाली. “दाखल्यावर शिक्का मारायला एक कारकून येतो. पुढच्या भागात नाहीये तो.”